अर्डिसची गाठ

एरी तलावाकाठच्या कॉब्स पॉइंट गावात मासा म्हटलं की वॉलआय. पाण्यात पोहणाऱ्या बाकीच्यांना ज्याच्या-त्याच्या नावाने ओळखतात. पर्चला पर्च म्हणतात, बासला बास म्हणतात, आणि कोणी खात नाही तो मेंढीतोंड्या गळाला लागला तर त्याला जे म्हणतात ते चर्चच्या आवारात म्हणत नाहीत. पण "काल मासा मिळाला का?" असं कोणी विचारलं, तर तो काचेच्या गोटीसारख्या डोळ्यांचा, चवीला लोण्यासारखा आणि स्वभावाने एखाद्या खाष्ट आत्याबाईसारखा वॉलआयच. आत्याबाईसारखा अशासाठी, की वाढलेलं सरळ खाणं हे त्याच्या रक्तातच नाही. गांडूळ दिसलं की हा मागून येणार, शेपटीकडून जरासं चाखणार, मनाला आलं नाही तर नाक मुरडून निघून जाणार. एका गळाने याला पकडायला जावं, तर अर्धं गांडूळ परत येतं आणि उरलेल्या अर्ध्यावर मासा एरी तलावाच्या तळाशी ढेकर देत बसतो.

म्हणून साज. पुरुषभर लांबीची तंगूसाची दोरी, तिच्या टोकाला चार बोटांच्या अंतराने एकामागे एक दोन गळ, गळांच्या पुढे रंगीत मणी आणि मण्यांच्या पुढे पाण्यात गरगरणारं पत्र्याचं पातं. पुढचा गळ गांडुळाच्या नाकात, मागचा कमरेत. गांडूळ ताठ ताणलेलं राहतं, पातं लखलखतं, आणि शेपटी चाखायला आलेल्या आत्याबाई दुसऱ्या गळात सापडतात. साज घोड्यालाही चढवतात आणि बायकाही गळ्यात घालतात. गांडुळाच्या नशिबी येतो त्यात दोन्हीचं थोडं थोडं असतं.

आणि साज म्हणजे अर्डिस टिमकोचा. कारखान्यात बनलेले, पुठ्ठ्यावर गुंडाळलेले साज बोटींच्या धक्क्यावर गळ-गांडुळं विकणाऱ्या ट्रुडीच्या दुकानात खिळ्याला लटकत, ते सुट्टीला आलेल्या शहरी पाहुण्यांसाठी. गावचा माणूस सरळ गल्ल्याच्या मागे टांगलेल्या पाटीकडे बघायचा. पाटीवर "अर्डिसचे साज" एवढंच, आणि खाली बिस्किटाचा डबा.

अर्डिस साठी ओलांडलेली. शाळेच्या खाणावळीत तिने तीस वर्षं काढली होती आणि अर्ध्या गावाला मटार संपवल्याशिवाय बाकावरून उठू दिलं नव्हतं. त्यामुळे गलमिशांवाले बोटींचे कप्तानसुद्धा तिच्यासमोर आले की नकळत हात खिशातून बाहेर काढत. लग्न केलं नाही. म्हणजे करायचं नाही असं ठरवलं नव्हतं. आजारी वडिलांचं करता करता राहून गेलं. आणि ज्या बाईच्या साजांवर सगळा धक्का पोसला जात होता, ती स्वतः बोटीत कधी बसली नव्हती. धक्क्यावर उभं राहून बांधलेल्या बोटी हलताना बघितल्या तरी तिला पोटात ढवळायचं. "टबमध्ये पाणी जरा जास्त भरलं तरी ही काठ धरून बसते," असं ट्रुडी सांगायची, आणि ट्रुडी हे सगळ्यांना सांगायची.

स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी अर्डिसचं टेबल. मफिन भाजायच्या साच्याच्या खळग्यांत रंगारंगाचे मणी. (एकदा फादर घरी आले असताना त्यांनी लिमलेटच्या गोळ्या समजून त्यातले दोन हिरवे तोंडात टाकले होते. थुंकायचा संकोच वाटला म्हणून गिळले. पुढच्या रविवारी अर्डिस त्यांच्याकडे बघू शकली नाही.) गळाच्या दांडीवर दोरीचे सात वेढे घालायचे, जिभेने ओले करायचे आणि मग आवळायचे. कोरडी आवळलेली गाठ घासून तापते आणि कच्ची राहते. कप्तान हार्लन यावरून म्हणायचा, "या तलावातला एकेक मासा अर्डिसचा उष्टा आहे." असं तो तिच्या पाठीमागे म्हणायचा. तोंडावर म्हणायची छाती त्याच्यात नव्हती. त्याचेही मटार तिने संपवून घेतलेले होते.

गाठ तिला वडिलांनी शिकवली, आणि गाठीबरोबर गावचा कायदाही. "तुटली तर तलावाची, सुटली तर आपली." दोरी दगडाला घासून, शिंपल्याने कापून, माशाच्या धसमुसळेपणाने तुटली, तर त्यात कोणाचा दोष नाही. पण गाठच सुटली, तर तो बांधणाऱ्याचा. आणि यात खोटं चालत नाही, कारण दोरीचं टोक सगळं सांगतं. तुटलेलं टोक सरळ आणि खरखरीत असतं. सुटलेल्याला डुकराच्या शेपटीसारखे वळसे पडलेले असतात. ज्याची गाठ सुटली त्याने त्या माणसाच्या दारात स्वतः जायचं, दिलेले सगळे साज परत घ्यायचे आणि नवे द्यायचे. वडिलांना हे आयुष्यात एकदा करावं लागलं. दारात टोपी काढून उभे राहिले, साज बदलून दिले आणि घरी आले. त्या वर्षी शुक्रवारच्या फिश फ्रायच्या गावजेवणाला ते गेले नाहीत. अर्डिसवर ही वेळ कधी आली नव्हती.

तर अशा या गावात नॉर्ब विट राहायला आला.

नॉर्ब आतल्या मुलखातला, मक्याच्या शेतांतला माणूस. जन्मभर डुकरं पाळली. बायको गेल्यावर शेती मुलीच्या हवाली करून तलावाकाठी छोटं घर घेतलं आणि एक जुनी ॲल्युमिनियमची बोट घेतली. ताडमाड उंच, कान असे की वाऱ्याच्या दिवशी त्याने सांभाळून चालावं, आणि बोलणं जपून, मोजकं. दर गुरुवारी सकाळी तो अर्डिसच्या मागच्या दारात यायचा. ट्रुडीच्या डब्यातले साज त्याला चालत नसत. "ताजे बरे," म्हणायचा, जणू अंडी आहेत.

आणि साज गमवावेत ते नॉर्बने. एका गुरुवारी दगडात अडकला. पुढच्या गुरुवारी मोठा मासा घेऊन गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी एका पाणपक्ष्याने पळवला, हे अर्डिसला जरा जड गेलं, पण तिने पक्ष्याचा रंग विचारला नाही. प्रत्येक वेळी तो खुर्चीच्या कडेवर बसून कॉफी प्यायचा, कुठला मणी घ्यावा यावर बराच विचार करायचा आणि शेवटी तिने सुचवलेलाच घ्यायचा.

"एवढे साज सगळा तलाव मिळून खात नाही," ट्रुडी म्हणाली.

"नवशिका आहे. दगडांवरून ओढत असेल."

"मला विचारशील तर तो साज भाजून खातो."

"तुला कोणी विचारलं नाही," अर्डिस म्हणाली.

जूनमध्ये एका गुरुवारी नॉर्ब आला तेव्हा त्याच्याजवळची कारणं संपलेली होती. दगड झाले, मासे झाले, पक्षी झाला. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "गाठ सुटली."

अर्डिस मणी निवडत होती. तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"गाठ. सुटली. आपोआपच." तो जरा हसला. हे सगळ्यात निरुपद्रवी कारण आहे असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं. यात ना दगडाला दोष, ना माशाला.

"टोक आणलंय?"

"कसलं टोक?"

"दोरीचं."

"टाकून दिलं."

"वळसे होते का त्याला? डुकराच्या शेपटीसारखे?"

डुकराची शेपटी हा नॉर्बचा हातखंडा विषय. निदान इथे तरी आपण ठामपणे बोलू शकतो असं वाटून तो म्हणाला, "अगदी तसेच होते."

अर्डिसने त्याला नवे साज दिले, दारापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं. मग एक साज घेतला, गळ ड्रॉवरच्या मुठीत अडकवला आणि दोरी मनगटाला गुंडाळून ओढली. गाठ टिकली. ड्रॉवर निघून आला आणि सगळे चमचे फरशीवर गेले. दुसरा ओढला. तिसरा ओढला. सगळे टिकले. पण मनात शिरलेली शंका ड्रॉवर ओढून निघत नाही. कारण एक गोष्ट अर्डिसने कोणालाच सांगितली नव्हती. गेल्या थंडीपासून तिचा उजवा अंगठा मुका झाला होता. दुखत नव्हता, सुजला नव्हता, फक्त त्याला काही कळत नव्हतं. गाठ नीट बसली की अंगठ्याला एक बारीक टचका लागायचा. आता तो लागत नव्हता. नजरेच्या भरवशावर ती बांधत होती आणि देव करो आणि कोणाला कळू नये असं म्हणत होती. आता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. "ट्रुडी, ती पाटी काढ."

ट्रुडी गांडुळांचे डबे फ्रिजमध्ये सँडविचच्या शेजारी लावत होती. "कुठली पाटी?"

"माझी. मी बांधणं सोडलं."

"डोकं फिरलंय का तुझं? आता? कॅनडाचे शिपाई आलेत, मासा पोट भरून तळाशी बसलाय, गांडुळाशिवाय कशाला तोंड लावत नाही, आणि तू आता संन्यास घेतेस?"

कॅनडाचे शिपाई म्हणजे ते पंखवाले किडे. जूनमध्ये पाण्यातून लाखांनी वर येतात आणि कॅनडाकडून येणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्यावर गावावर चालून येतात. रस्ते, भिंती, गाड्या, सगळं त्यांनी भरून जातं आणि सकाळी दुकानदार फावड्याने दारं मोकळी करतात.

"नॉर्बची गाठ सुटली," अर्डिस म्हणाली.

कॉफीच्या टेबलावर हार्लन बसला होता. त्याने डोनट खाली ठेवला. "नॉर्बची? अर्डिस, त्या माणसाला बुटाची नाडी तरी धड बांधता येते का?"

"त्याने नाही बांधली. मी बांधली."

"टोक बघितलंस?"

"त्याने सांगितलं. वळसे होते."

ट्रुडीने पाटी काढली, पण फेकली नाही. तोंड भिंतीकडे करून पुन्हा टांगली. "रुसलेल्या पोरासारखी राहू दे तिथे," म्हणाली.

शनिवारी अर्डिस नॉर्बच्या घरी गेली. त्याला या हंगामात दिले असतील तेवढे नवे साज तिने एका खोक्यात भरले होते, आणि अंगात चर्चला जायचा कोट होता. रस्ताभर गाडीखाली शिपाई कुरकुरत होते. वडिलांची टोपी तिला सारखी दिसत होती.

घराचं दार वाजवलं, कोणी उघडलं नाही. गॅरेजमधून रेडिओ ऐकू येत होता. दार वर सरकवलेलं होतं. ती आत गेली आणि खोकं छातीशी धरून उभी राहिली.

बोट ट्रेलरवर होती. तिच्या आच्छादनावर कोळ्यांनी एवढी जाळी विणली होती की वेगळ्या आच्छादनाची गरजच नव्हती. आत एका लाइफ जॅकेटचा कापूस काढून उंदरांनी बाळंतपणं उरकली होती. आणि समोरच्या फळीवर, एकेका खिळ्याला एकेक, रंगवार, ओळीने, तिचे साज. तांब्याच्या पात्याचे, जांभळ्या मण्यांचे, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचे. पक्ष्याने पळवलेला. मोठ्या माशाने नेलेला. दगडात अडकलेला. खालच्या ओळीत शेवटी, आपोआप सुटलेला.

नॉर्ब मागच्या दाराने आला, हातात फावडं. तिला बघून त्याने फावडं आणि कान दोन्ही पाडले.

अर्डिसने शेवटचा साज खिळ्यावरून काढला आणि नाकाशी नेला. "याला गांडुळाचा वासही लागलेला नाही."

"नाही."

"बोट कधी पाण्यात घातलीत?"

"मागच्या वर्षी. एकदा. मासेमारी काही जमेना मला."

"आणि गाठ सुटली."

"ते आपलं उगाच..."

"उगाच?" अर्डिसचा आवाज खाणावळीतला झाला. "तुला माहीत आहे का या गावात गाठ सुटली म्हणजे काय? मी पाटी काढली. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. माझ्या वडिलांनी यासाठी एक अख्खं वर्ष मासा खाल्ला नाही, आणि तू म्हणतोस उगाच. माझ्याकडे यायचं होतं तर कॉफी मागायची होतीस."

"कॉफी एकदा मागता येते," नॉर्ब म्हणाला. "दर आठवड्याला मागितली तर तुम्ही म्हणाला असतात, हा माणूस कॉफीसाठी येतो."

"मग कशासाठी येत होतास?"

नॉर्बने फावड्याच्या दांड्याकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं, रेडिओ बंद केला. त्याचे कान मात्र हळूहळू लाल होत गेले, आणि कान केवढे होते ते वर सांगितलंच आहे. अर्डिसला उत्तर मिळालं.

ती खोक्यावर बसली. रागावणं अजून बरंच शिल्लक होतं, पण ते कुठून उचलावं हे तिला कळेना. मग म्हणाली, "यातला एकही साज पाण्याला लागलेला नाही. भिंतीवर कोणाचीही गाठ टिकते."

"म्हणजे?"

"म्हणजे मला अजून काही कळलेलं नाही. तू खोटं बोललास, पण माझी गाठ खरी आहे हे कुठे सिद्ध झालं? बोट साफ कर. सोमवारी यातला एक पाण्यात घाल."

"घालतो. आणि टोक आणून दाखवतो."

"तुझ्या शब्दावर? मी येणार आहे."

सोमवारी धक्क्यावर गर्दी जमली नव्हती. फक्त त्या दिवशी सगळ्यांचीच बोट नेमकी तिथेच दुरुस्तीला आली होती. अर्डिस टिमको बोटीत बसतेय म्हटल्यावर ट्रुडीने दुकान बंद ठेवून हातात खाऱ्या बिस्किटांची पिशवी आणली होती.

"अजून विचार कर," ट्रुडी म्हणाली.

"बाजूला हो," अर्डिस म्हणाली. दोरी सोडायच्या आधीच तिचा चेहरा खाणावळीतल्या मटारांच्या रंगाचा झाला होता.

खडकाळ उथळापाशी पोहोचेपर्यंत बिस्किटं गेली, सकाळचा नाश्ता गेला आणि अर्डिस काठावर वाकून तलावाशी एकटीच संवाद करत होती. नॉर्बने गांडूळ काढलं आणि गळाला लावलं. अर्डिसने एक डोळा उघडला.

"हे काय? मोजा वाळत घातलायस?"

"का?"

"गोळा झालंय त्याचं. असं पाण्यात टाकलंस तर ते भोवऱ्यासारखं फिरेल आणि दोरीला पीळ बसेल. आण इकडे." एका हाताने काठ धरून तिने दुसऱ्या हाताने आणि दातांनी गांडूळ सरळ केलं. एक गळ नाकात, एक कमरेत. "हे असं. पोरीची वेणी घातल्यासारखं. आता सोड, आणि बोट हळू."

पहिला मेंढीतोंड्या लागला. नॉर्बला वाटलं हाच मासा, आणि तो अभिनंदनाची वाट बघत उभा राहिला. दुसराही मेंढीतोंड्याच. मग बराच वेळ काही नाही, फक्त बोटीचं हलणं आणि अर्डिसचं कण्हणं. आणि मग गळाची काठी अशी वाकली की नॉर्ब अर्धवट उठून पुन्हा बसला.

"हळू," अर्डिस म्हणाली. "ओढू नकोस. त्याला वाटू दे त्याचंच चाललंय."

मासा वर आला. काचेचा डोळा उन्हात चमकला. केवढा होता यावर पुढे गावात दोन तट पडले, पण लहान होता असं म्हणणारा एकही निघाला नाही. जाळं नॉर्बच्या पायाशी होतं. ते उचलायचं सोडून त्या माणसाने, जन्मभर डुकरांना तंगडी धरून उचलल्याच्या सवयीने, दोरीच हातात धरली आणि मासा वर उपसला. मासा एकदा झटकला, पाणी उडालं आणि काठी सरळ झाली.

नॉर्ब मटकन बसला. "गेला."

"टोक," अर्डिस म्हणाली. "टोक दे इकडे."

तिने ते अंगठ्याखाली घेतलं. अंगठा मुकाच. मग तिने टोक ओठांवरून फिरवलं. सरळ, खरखरीत, एकही वळसा नाही. दोरी मण्यांच्या पुढे, मध्यावरच तुटली होती. खालच्या दोन्ही गाठी मासा घेऊन गेला होता, आणि त्या अजून गाठीच होत्या.

"तुटली," ती म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता पुन्हा काठावर वाकली, आणि तिथून परत आल्यावर उरलेलं हसली.

"म्हणजे चांगलं झालं ना?" नॉर्बने सावधपणे विचारलं.

शेजारच्या बोटीतून हार्लनचा आवाज रेडिओवर सगळ्या तलावाला ऐकू गेला: "नॉर्बने म्हशीएवढा मासा घालवला आणि दोघं हसताहेत. उन्हाचं काहीतरी झालं असावं."

परतताना काठावर डोकं टेकून अर्डिसने नॉर्बला अंगठ्याचं सांगितलं. डॉक्टरला सांगायच्याही आधी. नॉर्बने तो अंगठा हातात घेतला नाही. तो तसला माणूस नव्हता. थोडा विचार करून म्हणाला, "गाठ ओठांना कळते, तर ओठांनी बघत जा. अंगठा लागतो तो मण्यांना. मणी मी ओवीन."

ट्रुडीने पाटी सरळ केली. अर्डिस आता प्रत्येक गाठ आवळली की ओठांवरून फिरवते, आणि हार्लनला त्याच्या जुन्या विनोदासाठी नवा माल मिळाला आहे. डॉक्टरांनी अंगठ्याच्या आजाराला नाव तेवढं दिलं, औषध काही दिलं नाही.

नॉर्ब गुरुवारी येतो. मंगळवारीही येतो. खिडकीपाशी मफिनच्या साच्यासमोर बसतो आणि त्या फावड्याएवढ्या बोटांनी मणी ओवतो. निम्मे फ्रिजखाली जातात. पातं तो हटकून उलटं लावतो, पोकळ बाजू पुढे, त्यामुळे ते पाण्यात फिरायच्या ऐवजी नुसतं लटपटतं. त्याची मोटार कोपऱ्यावरून वळली की अर्डिस त्याचे साज उसवते, पाती सरळ करते, मणी पुन्हा ओवते. याला तिला आधीपेक्षा दुप्पट वेळ लागतो.

"कसा काय बसला हात त्याचा?" ट्रुडीने विचारलं.

"चांगला बसलाय," अर्डिस म्हणाली.

आणि परवा नॉर्बने दुकानातल्या डब्यातून एक साज काढून उजेडात धरला, पातं फुंकरीने फिरवून पाहिलं आणि ट्रुडीला म्हणाला, "हा माझा. मला लगेच ओळखू येतो." अर्डिस गल्ल्यापाशी उभी होती. तिने मान डोलावली.